तीन टॅब, चाळीस मुलं: वर्गातलं तंत्रज्ञान मुलांच्या हातात देण्याची रीत

डिजिटल शाळा म्हटलं की आपल्याला भिंतीवरचा मोठा टीव्ही आठवतो. लोकवर्गणीतून घेतलेला, शेजारी देणगीदारांच्या नावांची पाटी. तासिका सुरू झाली की पेनड्राइव्ह लावायचा, व्हिडिओ चालू करायचा, संपला की "समजलं का?" विचारायचं आणि "हो सर!" ऐकायचं. मुलं हाताची घडी घालून बसलेली. फळ्याच्या जागी रंगीत पडदा आला, बाकी वर्ग होता तसाच राहिला.

तंत्रज्ञानाची तासिका खरंच मुलांची झाली का, हे ओळखायला मी तीन गोष्टी बघतो. यंत्राला हात कुणाचा लागला? प्रश्न कुणाचा होता? आणि तास संपल्यावर वर्गात अशी एखादी गोष्ट उरली का, जी आधी कुठल्याच पुस्तकात किंवा ॲपमध्ये नव्हती? तिन्हींची उत्तरं 'सर, सरांचा, नाही' अशी येत असतील तर टीव्ही बंद करून खडू घेतलेला बरा. वीज तरी वाचेल.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून 'ज्ञानरचनावाद', म्हणजे मूल करून पाहत स्वतःच ज्ञान घडवतं हा विचार, प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतो. या पद्धतीसाठी गाजलेलं साताऱ्याचं कुमठे बीट (शाळांचा गट) पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि परत येऊन बऱ्याच जणांनी सगळ्यात आधी फरशा रंगवल्या. रंग दिसतो, म्हणून तो लवकर उचलला जातो. मूल स्वतः काहीतरी करून पाहतंय आणि त्यातून अर्थ लावतंय, ही गोष्ट दिसायला वेळ लागतो. टॅबच्या बाबतीतही तेच चाललंय. म्हणून खाली खरेदीचा सल्ला जवळजवळ नाही. शाळेत आहे तेवढ्यावर वर्ग कसा चालवायचा, ते सांगतो. उदाहरण सहावी-सातवीचं घेतलंय, पण रीत चौथीलाही चालते आणि नववीलाही.

पायरी १: आधी मोजदाद

कपाटातली सगळी यंत्रं टेबलावर काढा. कागदावर दहा टॅब असतात, त्यातले चालू किती? चालू म्हणजे चार्जर काढल्यावर तासभर तग धरणारे. नेट कुठे येतं, वर्गात की ओट्यावर? प्लग पॉइंट किती, एक्स्टेन्शन बोर्ड आहे का, भारनियमन किती वाजता होतं? हे सगळं एका कागदावर लिहा आणि उरलेलं नियोजन त्याच कागदावरून करा.

प्रत्येक मुलामागे एक यंत्र हवं, हा आग्रह सोडून द्या. चार-पाच मुलांत एक टॅब पुरतो. शिकण्यासाठी तर तो जास्तच चांगला, कारण बोलल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला, तेव्हा त्याभोवती मुलांची गर्दी जमली आणि ती एकमेकांना दाखवत शिकली. त्या प्रयोगावरून 'शिक्षक नसला तरी चालतं' असं काही जण म्हणू लागले. ते मला पटत नाही. भिंतीपुढे सगळ्यात मागे उभं राहिलेल्या मुलाचं काय झालं, हे विचारायला कुणीतरी मोठं माणूस तिथे लागतंच.

पट चाळीस आणि टॅब तीन असतील तर पाच-पाच जणांचे आठ गट करा. दोन तासिका जोडून घेतल्या की साधारण सत्तर मिनिटं मिळतात. अठरा मिनिटांच्या तीन फेऱ्या केल्या की टॅबसमोर एकूण नऊ जागा होतात. गट आठ, म्हणजे एक जागा शिल्लक राहते. ती मुद्दाम रिकामी ठेवा. ज्या गटाची बॅटरी मध्येच बसेल, ती जागा त्यांची. एका फेरीत तीन गट टॅबवर आणि पाच गट बाहेर मोजमाप, वाचन किंवा आलेखाच्या कामात. सगळ्यांना एकाच वेळी टॅबवर बसवायचा हट्ट धरला की तासिकेचा निम्मा वेळ शांतता राखण्यात जातो.

पायरी २: पाठ निवडा आणि त्यातून प्रश्न काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाठ्यपुस्तकातल्या घटकाचा असा प्रश्न करायचा, ज्याचं उत्तर एका शोधात सापडत नाही.

'पाऊस कसा पडतो?' असं विचारलं तर मूल टॅबवर बोलून विचारेल आणि आलेला परिच्छेद वहीत उतरवून घेईल. पाच मिनिटांत काम संपलं, शिकणं शून्य. त्याऐवजी विचारा: 'आपल्या शाळेवर जेवढा पाऊस पडला, तेवढाच महसूल मंडळाच्या केंद्रावर नोंदला गेला का?' (महसूल मंडळ म्हणजे सरकारी नोंदींसाठी केलेला काही गावांचा गट.) याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नाही. मोजल्याशिवाय ते मिळणार नाही.

इतिहासात 'महाराष्ट्रातील किल्ले' ऐवजी 'आपल्या गावाचं नाव कसं पडलं, याबद्दल गावात किती निरनिराळ्या गोष्टी सांगतात?' मराठीच्या तासाला 'बोलीभाषा' ऐवजी 'आपल्या घरात आणि आजोळी एकाच भाजीला, एकाच भांड्याला वेगळे शब्द आहेत का?' विज्ञानात 'ध्वनी' ऐवजी 'शाळेतल्या कोणत्या वर्गात सरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत नीट पोचत नाही, आणि का?' यातल्या प्रत्येक प्रश्नाला यंत्राची गरज वेगळी आहे. कुठे आवाज मुद्रित करायचा, कुठे आकडे मांडायचे, कुठे नकाशा बघायचा. आधी प्रश्न ठरला की ॲप आपोआप ठरतं. उलट्या बाजूने गेलो की हाती आलेल्या ॲपसाठी पाठ शोधत बसावं लागतं, आणि नवोपक्रमांची बरीच स्पर्धापत्रकं नेमकी अशीच भरलेली असतात.

प्रश्न ठरवताना अध्ययन निष्पत्तीचा, म्हणजे मुलाला काय यायला हवं त्याचा, तक्ता शेजारी ठेवा. पावसाच्या एका प्रश्नात भूगोलातला पाऊस, गणितातली सरासरी, क्षेत्रफळ, घनफळ, स्तंभालेख आणि मराठीतलं वृत्तलेखन असं सगळं बसतं. 'अभ्यासक्रम पूर्ण कधी करायचा?' असं कुणी विचारलं तर तक्त्यावर बोट ठेवता येतं.

पायरी ३: एक घटक पूर्ण करून पाहू, शाळेचा पाऊस

जून ते सप्टेंबर चालणारं हे काम आहे. रोजचे दहा मिनिटं आणि आठवड्याची एक जोडतासिका त्याला पुरते.

हा प्रश्न मुलांच्या घरापर्यंत जातो, म्हणून तो निवडलाय. राज्यात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानभरपाईच्या बोलण्यात महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा मोठा ठरतो. 'आमच्या शिवारात ढग फुटला आणि मंडळात चाळीसच दाखवला' हे वाक्य शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाने ऐकलेलं असतं. तो वाद खरा की खोटा, हे आपण ठरवायला जायचं नाही. पण दोन ठिकाणचा पाऊस वेगळा असू शकतो का, हे मुलं स्वतः मोजून पाहू शकतात.

पर्जन्यमापक प्लास्टिकच्या बाटलीचा. बाटली सरळ बाजूंची घ्या, कमरेत आत गेलेली किंवा खाचा असलेली नको. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी थोडे खडे टाका आणि सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा. तिथे शून्याची रेघ. त्याच्या वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर पारदर्शक टेप लावा, नाहीतर पहिल्याच सरीत शाई उतरते. बाटली विटांच्या मध्ये घट्ट बसवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर ती असावी. अशा तीन बाटल्या तीन ठिकाणी लावा आणि तिन्ही वेगळ्या गटांना करू द्या. तीन आकडे वेगळे आले की खरा वर्ग सुरू होतो. कुणाची बाटली झाडाखाली आहे, कुणाची शून्याची रेघ चुकली, कुणी डोळा पाण्याच्या पातळीला न आणता वरून वाचलं. ही चर्चा मुलांनाच करू द्या. तुम्हाला कारण ठाऊक असलं तरी निदान एक दिवस गप्प राहा.

वाचन रोज सकाळी साडेआठला. भारतीय हवामान विभाग आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला मांडतो, म्हणून आपणही तीच वेळ धरायची. शाळा दुपारची असेल किंवा रविवार असेल तर शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे पाळी द्या. वाचन झालं की पाणी ओतून पुन्हा शून्यापर्यंत भरायचं. कोरड्या दिवशी शून्याच्या रेघेखाली पाणी जातं. का जातं, ते विचारू द्या. बाष्पीभवनाचा पाठ तिथेच झाला.

आता टॅब. सगळ्यात आधी नोंद कागदावर, भिंतीवरच्या तक्त्यात. टॅब बंद पडला तरी तक्ता पडत नाही. आठवड्याच्या जोडतासिकेत गट आपापले आकडे गूगल शीट्समध्ये भरतो. रकाने मुलांनीच ठरवायचे: तारीख, आपला आकडा, मंडळाचा आकडा, फरक, शेरा. मंडळाचा आकडा राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मिळतो. आपलं गाव कोणत्या महसूल मंडळात येतं, हे घरी विचारून यायला सांगा. सातबारा पाहणाऱ्या आजोबांना ते पटकन सांगता येतं, आणि त्या निमित्ताने घरात शाळेच्या कामाविषयी बोलणं होतं.

पहिला स्तंभालेख आलेख कागदावर, हाताने. दुसऱ्या आठवड्यात तोच शीट्समध्ये. हा क्रम मोडू नका. आधी यंत्राने काढलेला आलेख मुलांना चित्रासारखा वाटतो, हाताने काढल्यानंतर बघितला की त्यातली मापं दिसतात. नंतर एखाद्या स्तंभाची उंची मुद्दाम चुकीची टाकून त्यांना शोधायला लावा.

महिनाभराचे आकडे हाती आले की हवामान विभागाचं वर्गीकरण फळ्यावर लिहा. २.५ ते १५.५ मिलिमीटर हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. आपल्या गावात 'लई पाऊस झाला' असं म्हणतात ते दिवस यात कुठे बसतात, हे बघताना मुलं हमखास वाद घालतात. 'दहा मिनिटांत पडलेला वीस आणि दिवसभर पडलेला वीस सारखाच कसा?' असं एखादी मुलगी विचारेल. तिचा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून तसाच ठेवा. पुढच्या आठवड्याचं काम तिने दिलंय.

ऑगस्टमध्ये छताचं गणित घ्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. हे सांगू नका. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन जमिनीवर आखून त्यात एक मिलिमीटर जाडीच्या पाण्याचं घनफळ काढायला लावा. मग टेपने छत मोजायचं. २० मीटर बाय ६ मीटरचं छत म्हणजे १२० चौरस मीटर. दहा मिलिमीटरच्या एका पावसात त्यावर १,२०० लिटर पाणी पडतं. थोडं उडतं, थोडं मुरतं, म्हणून ८० टक्के धरलं तरी ९६० लिटर. शाळेची टाकी केवढी आहे? स्वच्छतागृहाला रोज किती पाणी लागतं? इथून पुढे तुम्हाला प्रश्न विचारावा लागत नाही.

पायरी ४: गटात कुणी काय करायचं

टॅब गटाला दिला की तो दोन मिनिटांत सगळ्यात धीट मुलाच्या हातात जातो, आणि बहुतेक वेळा तो मुलगाच असतो. मुली मान उंचावून बघत राहतात. हे आपोआप सुधारत नाही. नियम लावावा लागतो.

चार कामं ठरवा. एक जण यंत्र चालवेल, एक जण वहीत लिहील, एक जण मोठ्याने वाचेल, आणि एक जण शंकेखोर. शंकेखोराचं काम एकच, 'हे कशावरून?' असं विचारत राहणं. पाचवं मूल वेळ बघेल आणि शेजारच्या गटात डोकावून येईल. डोकावण्याला परवानगी आहे, नक्कल करण्याला नाही. प्रत्येक फेरीला कामं बदलायची.

यापेक्षा मोठा नियम म्हणजे, ज्याला येतं त्याने टॅबला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचं. 'खाली सरकव, हिरव्या चौकोनावर दाब' असं नीट सांगताना येणाऱ्या मुलाची भाषा घासली जाते, आणि न येणाऱ्याचा हात चालतो. शिक्षकांनाही हाच नियम लावा. मूल अडलं की आपण पटकन टॅब ओढून 'दे इकडे' म्हणतो. ती सवय मोडायला मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त दिवस लागतात.

पायरी ५: एकच फोन असेल तर

टॅब अजिबात नाहीत, फक्त तुमचा फोन आहे, अशा वर्गासाठी ही पायरी. टॅब असलेल्यांनीही सोडू नये.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ च्या सुमारास एक पद्धत बसवली. एक प्रश्न आणि चार पर्याय. प्रत्येक विद्यार्थी आधी एकटा विचार करून मत देतो. मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून देतो. मग पुन्हा मत. सुरुवातीला हे यंत्राशिवायच चाले, बटणांची यंत्रं नंतर आली. पहिल्या मतदानात साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चा रंगते. त्याहून कमी आली तर थोडं शिकवा, त्याहून जास्त आली तर पुढे चला.

आपल्याकडे हे प्लिकर्स नावाच्या ॲपने जमतं. प्रत्येक मुलासाठी वेगळ्या आकृतीचं कार्ड छापायचं. कार्डाची कोणती बाजू वर धरली, यावरून उत्तर ठरतं. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणाचं काय उत्तर ते फोनवर येतं. शेजाऱ्याला उत्तर ओळखू येत नाही, म्हणून लाजणारी मुलंही कार्ड वर करतात. ॲपमध्ये मुलांची नावं टाकू नका, हजेरी क्रमांक पुरेत. फोनला नेट लागतं. ते नसेल तर चार रंगांचे कागद छातीशी धरायला सांगा. नोंद राहणार नाही, पण चर्चा तीच होईल.

प्रश्न कसा असावा? पावसाच्या घटकातला हा घ्या. सरळ बाजूंची एक रुंद आणि एक अरुंद बरणी एकाच पावसात शेजारी ठेवली. पाण्याची उंची कोणत्या बरणीत जास्त असेल? रुंद, अरुंद, दोन्हींत सारखी, की सांगता येणार नाही? पहिल्या मतदानात वर्ग बहुधा फुटतो. 'रुंद तोंडात जास्त थेंब पडणार' आणि 'अरुंद लवकर भरणार' हे दोन पक्ष जोरात असतात. शेजाऱ्याशी बोलायला तीन मिनिटं द्या, पुन्हा मत घ्या, आणि उत्तर सांगू नका. दोन बरण्या पावसात ठेवून या. उंची सारखी येते, आणि मिलिमीटरमध्ये पाऊस का मोजतात हे त्या दिवशी कळतं.

पायरी ६: व्हिडिओ आणि तयार साहित्य मुलांच्या सोयीने

तयार साहित्य वाईट असतं असं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला, तो पुढे राज्याच्या पुस्तकांत आला आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. आज बालभारतीच्या पुस्तकांतले कोड सरकारी दीक्षा ॲपने उघडतात. पण तो व्हिडिओ चाळीस जणांना एकाच वेळी, एकाच वेगाने दाखवायची काहीच गरज नाही. घटकाचे व्हिडिओ आदल्या दिवशी नेट असलेल्या ठिकाणी टॅबवर उतरवून ठेवा आणि वर्गाच्या कोपऱ्यात एक 'अडल्यास बघा' जागा करा. ज्या गटाला सरासरीचं सूत्र आठवत नाही, तो तिथे जाऊन दोन मिनिटं बघेल, हवं तिथे थांबवेल, मागे नेईल. जोडवर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला तर ही जागा वरदान आहे. तिसरीला शिकवत असताना चौथीचा एक गट तिथे स्वतःचं काम करू शकतो.

वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ. मराठीत गोष्टी भरपूर, चार पातळ्यांत लावलेल्या, आणि मोफत उतरवून घेता येतात. पातळी तुम्ही नेमून देऊ नका. मुलाला निवडू द्या. पहिल्या पानावर पाच शब्द अडले तर खालची पातळी, असा सोपा हिशेब त्यालाच शिकवा. गोष्ट आपल्या बोलीत पुन्हा सांगून मुद्रित करायला लावली की वाचन आणि बोलणं दोन्ही होतं.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग. २००२ मध्ये नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी ते सुरू केलं, त्यातले कितीतरी प्रयोग मराठीत आहेत आणि एकेक करून उतरवून नेटशिवाय चालवता येतात. सर्किटचा प्रयोग देताना पहिली सात-आठ मिनिटं काहीच सांगू नका. मुलं विजेरीला आग लावतील, दिवे उलटसुलट जोडतील. मग एकच आव्हान द्या: एक दिवा काढला तरी दुसरा चालू राहील, असं काही करून दाखवा. त्यानंतर खऱ्या सेलवर आणि बल्बवर तेच. खरी तार जोडल्याशिवाय हा घटक संपला असं मी धरत नाही. पडद्यावरची जोडणी कधी सैल होत नाही, खरी होते, आणि सैल जोडणी शोधण्यातच निम्मं विज्ञान आहे.

पायरी ७: शोधलेलं तपासायची सवय

टॅबवर नेट आलं की मुलं बोलून शोधतात आणि पहिलं उत्तर उचलतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे गप्पा मारणारे सहायक मराठीतही फाडफाड उत्तर देतात. त्यांना बंदी घालून फार काही साधत नाही. त्यांना त्यांच्याच गावाबद्दल विचारायला लावा. आपल्या गावची जत्रा केव्हा असते, गावातलं सगळ्यात जुनं देऊळ कोणतं, नदीचं नाव काय. उत्तर ऐटीत येतं आणि त्यात एखादी तरी गोष्ट चुकलेली निघते. सातवीतल्या मुलाला स्वतःच्या गावाबद्दल चुकीचं वाचताना जे कळतं, ते इंटरनेट सुरक्षेच्या भाषणाने कळत नाही.

मग नियम: दोन ठिकाणी सापडल्याशिवाय वहीत नाही, आणि ती दोन ठिकाणं एकमेकांची नक्कल नसावीत. एक ठिकाण माणूस असलं तरी चालेल, गावातले जुने जाणते, ग्रामसेवक, परिचारिका. मराठी विश्वकोश नेटवर मोफत आहे, तो वापरायला शिकवा. मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याचं पान उघडून 'इतिहास पहा' वर बोट ठेवायला सांगा. हे पान माणसांनीच लिहिलंय, बदललंय, खोडलंय, हे मुलांना तिथे प्रत्यक्ष दिसतं.

पायरी ८: मूल्यमापन

आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात निरीक्षण, प्रकल्प, तोंडी काम असं सगळं आहेच, त्यामुळे वेगळं काही उभारायला नको. प्रत्येक मुलाचं एक फोल्डर करा, नाव हजेरी क्रमांकाचं. महिन्याला एकदा मूल एक मिनिट मोठ्याने वाचेल आणि ते मुद्रित होईल. तिसऱ्या महिन्यात त्याला पहिल्या महिन्याचं ऐकवा आणि 'तुला काय फरक वाटतो?' एवढंच विचारा. त्याचं उत्तर जसंच्या तसं वर्णनात्मक नोंदीत लिहा. 'वाचनात प्रगती आहे' या शिक्क्यासारख्या वाक्यापेक्षा 'आता मी पूर्णविरामाला थांबते' ही नोंद कितीतरी उपयोगी.

पायरी ९: परवानग्या आणि पालक

जूनच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय ठेवा. 'मोबाइलवर खेळायला लावतात' ही तक्रार येणारच. ती येण्याआधी पालकांना काम दाखवलेलं चांगलं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची संमती लागते. व्यवहारात एवढं पाळा: मुलांच्या नावाने खाती उघडू नका, शाळेचं एकच खातं ठेवा. चेहरा ओळखू येईल असे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर किंवा स्टेटसला टाकू नका, हात आणि काम दिसेल असे काढा. तुमचा स्वतःचा फोन मुलांच्या हातात द्यायचा असेल तर ॲप पिन करा, म्हणजे तेवढंच ॲप उघडं राहतं. नेट लागत नसेल तेव्हा विमान मोड. घरून मोबाइल आणायला कधीही सांगू नका. ज्याच्या घरी नाही ते मूल त्या दिवशी शाळेला येत नाही.

१५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर गाव जमलेलंच असतं. तीन मुलांना छताचं गणित आणि पावसाचा आलेख मांडू द्या, मोठ्या कागदावर, कारण उन्हात टीव्ही दिसत नाही. सरपंचांनी प्रश्न विचारला तर उत्तर मुलांनीच द्यावं. तुम्ही मधे बोलू नका. गावाला टाकीचं गणित पटलं तर विषय ग्रामसभेतही जातो.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, तयार फाइल वाटण्यापेक्षा बाटली घेऊन जा. शेजारच्या दोन शाळांनी त्याच साडेआठच्या वेळी मोजायला सुरुवात केली की पाच-सात किलोमीटरवरच्या पावसातला फरक मुलांच्या शीटमध्ये दिसू लागेल, आणि मंडळाच्या एकाच आकड्याबद्दलचा प्रश्न त्यांना आणखी नीट विचारता येईल. शीट एकच ठेवा, प्रत्येक शाळेला एक रकाना, आणि बदल करण्याची परवानगी प्रत्येक शाळेच्या फक्त एका खात्याला. नाहीतर कुणाच्या तरी बोटाने सगळ्यांचा जुलै पुसला जातो. त्यासाठी दर शनिवारी शीटची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचं काम आलटून पालटून एका गटाकडे द्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी टॅब पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका. निम्म्यावर आणून बंद करा आणि ओल नसलेल्या कपाटात ठेवा. बाटल्या धुऊन उलट्या घाला. त्यांच्यावरच्या पट्ट्या पुढच्या जूनमध्ये नवीन सहावीने स्वतः आखाव्यात.